दोन ऑपरेटिंग सिस्टिमचा संगणक सुरू होत नसेल तर

विंडोज आणि लिनक्स एकत्र असलेला संगणक अडला की अनेकजण थेट पुन्हा इन्स्टॉल करायला बसतात. बहुतेक वेळा तशी गरजच नसते. फाइली जागेवर असतात, बूटलोडरपर्यंतची, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामपर्यंतची, वाट तेवढी तुटलेली असते. ती कुठे तुटली हे पडद्यावरचा संदेशच सांगतो, म्हणून आधी तो लिहून घ्या. खालची माहिती यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर, म्हणजे संगणक चालू होताच मदरबोर्डवरून चालणारं सॉफ्टवेअर) आणि जीपीटी (डिस्कच्या भागांची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) डिस्कसाठी आहे. कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांतच करा.

फर्मवेअरला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की जवळ हवीच. सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त बूटलोडर चालू देणारी सोय) किंवा बूट क्रम बदलला की विंडोज ती मागू शकतं.

सिस्टिम निवडायचा मेनू न येता सरळ विंडोज उघडत असेल, तर ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, सहसा शाबूत असतं. अपडेटनंतर विंडोजची नोंद बूट क्रमात वर गेलेली असते. फर्मवेअर सेटिंगमध्ये लिनक्सची नोंद पहिली करा, काम झालं.

'ग्रब रेस्क्यू' दिसलं तर ग्रबला स्वतःच्या फाइली सापडत नाहीयेत. पार्टिशन (डिस्कचा भाग) काढलं किंवा क्रमांक बदलले की हे होऊ शकतं. 'एलएस' दिल्यावर पार्टिशनची यादी येते. मग 'एलएस (एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब' असं एकेक तपासत जा. डिस्कची मोजणी ० पासून होते आणि पार्टिशनची १ पासून, इथेच जास्त गोंधळ होतो. बूट पार्टिशन वेगळं असेल तर मार्ग नुसता '/ग्रब' असतो. फाइली ५ क्रमांकात सापडल्या असं धरून:

सेट रूट=(एचडी०,जीपीटी५)
सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब
इनस्मॉड नॉर्मल
नॉर्मल

मेनू येईल, पण ही सोय त्या एका वेळेपुरती. उबंटू किंवा डेबियन असेल तर आत गेल्यावर लगेच 'सुडो ग्रब-इन्स्टॉल' आणि 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा.

एवढ्यानेही भागलं नाही तर लाइव्ह यूएसबी, म्हणजे इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारी यूएसबी, वापरा. ती यूईएफआय मोडमध्येच सुरू व्हायला हवी. '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' हे फोल्डर दिसलं की खात्री झाली. लिनक्सचं मूळ पार्टिशन '/एमएनटी'वर आणि ईएफआय पार्टिशन (बूटलोडर ठेवलेला डिस्कचा भाग) '/एमएनटी/बूट/ईएफआय'वर माउंट करा, म्हणजे त्या फोल्डरला जोडा. 'डेव्ह', 'प्रोक' आणि 'सिस' ही तिन्ही फोल्डर माउंट कमांडच्या आरबाइंड पर्यायाने '/एमएनटी'त जोडा, सीएचरूट कमांडने डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरा आणि वरच्याच दोन कमांड द्या.

मेनूत विंडोजच नसेल, तर कारण साधं आहे: ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्राम) मुळातच बंद असतो. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या फाइलीत 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' ही ओळ, पहिला शब्दसमूह मोठ्या अक्षरांत, टाका आणि अपडेट-ग्रब चालवा.

विंडोजचा बूटलोडरच गेला असेल, तर इन्स्टॉलेशन यूएसबीवरून कमांड प्रॉम्प्ट उघडा, डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडने ईएफआय पार्टिशनला 'एस' अक्षर द्या आणि 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय' चालवा. तिथे विंडोजच्या पार्टिशनला 'सी'ऐवजी दुसरंच अक्षर मिळालेलं असू शकतं, ते आधी तपासा. ईएफआय पार्टिशन फॉरमॅट मात्र करू नका; दोन्ही सिस्टिमचे बूटलोडर त्यातच असतात.