पैसा झाला, शिकून झालं, तरी आत रिकामंच वाटतंय? उपदेशक असा वाचून बघा

बायबलमधलं उपदेशकाचं पुस्तक खूप जण पहिल्या पानावरच सोडतात, कारण सुरुवातच "सगळं व्यर्थ" अशी आहे, मग म्हणतात आधीच मूड खराब त्यात हे कशाला. मी उलट सांगेन, जगायचं कशासाठी हेच कळेनासं झालं असेल तर आधी हेच उघडा. १२ अध्याय आहेत फक्त, एका बैठकीत होतं.

वाचायच्या आधी एक शब्द समजून घ्या. आपण जिथे "व्यर्थ" वाचतो तिथे मूळ हिब्रूत हेवेल आहे, म्हणजे वाफ, श्वास. पुस्तकात तो ३८ वेळा येतो, आणि आदाम-हव्वेचा मुलगा, काइनाचा भाऊ हाबेल, त्याचं नाव पण हाच शब्द. वाफ खोटी नसते हो, दिसते, चटका पण देते, फक्त मुठीत धरता येत नाही. एवढं डोक्यात ठेवलं की पुस्तक रडगाणं वाटत नाही.

आता कागद घ्या आणि "हे झालं की मी सेटल" असं ज्याच्या ज्याच्याबद्दल वाटतं ते सगळं लिहून काढा, प्रमोशन, घर, डिग्री, बँक बॅलन्स, लोकांनी हुशार म्हणणं, काहीही, लाजू नका कोणी बघत नाहीये. मग दुसरा अध्याय ती यादी शेजारी ठेवून वाचा. पुस्तकात बोलणाऱ्या या उपदेशकाने घरं बांधली, द्राक्षमळे लावले, तळी खोदली, सोनंचांदी साठवली, गाणारे ठेवले, मनाला हवं ते काहीच नाकारलं नाही, आणि शेवटी त्याला काय खुपतं तर हे सगळं माझ्यामागे ज्याच्या हातात जाणार तो शहाणा असेल की मूर्ख कोणाला माहीत! आपल्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे हाच प्रश्न लिहा. बऱ्याच गोष्टी तिथेच गळतात.

ज्ञानाचं पण तेच, आणि मला वाटतं हे जास्त अवघड आहे, कारण पैशाचा मोह लगेच ओळखू येतो पण अभ्यासाचा मोह चांगल्या कपड्यात येतो. शहाणपण मूर्खपणापेक्षा बरं हे तो मान्य करतो, पण मरण दोघांनाही सारखंच, आणि जितकं कळतं तितकं दुःखही वाढतं असं पहिल्याच अध्यायात म्हणतो. रात्री दोनपर्यंत लेक्चर्स ऐकून अजून बेचैन झालेल्यांना हे समजावायला नको.

इथे लोक एक चूक करतात, डायरेक्ट शेवटच्या अध्यायावर उडी मारतात, देवाचं भय धर, त्याच्या आज्ञा पाळ, झालं. अहो मधलं गाळू नका. मध्ये तो परत परत सांगतो की खाणं, पिणं, आपल्या कष्टात सुख मिळणं ही देवाची देणगी आहे (अध्याय आणि वचन असे २:२४, ३:१३, ५:१९ बघा). म्हणजे नोकरी सोडून डोंगरावर जा असं नाहीच, काम तेच, पगार तोच, फक्त ते मिळवलेलं न धरता मिळालेलं म्हणून घ्यायचं.

रोज करायचं ते साधं आहे. सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी एक वाक्य, देवा आजचा दिवस तुझ्याकडून आलाय. रात्री दिवसातली एक गोष्ट आठवायची जी आपल्या हुशारीने आली नव्हती. पहिले काही दिवस नाटकी वाटेल, चालू द्या.

आणि एकट्याने करू नका. चौथ्या अध्यायात आहेच, एकापेक्षा दोघे बरे, एक पडला तर दुसरा उठवतो. ती यादी एखाद्या माणसाला दाखवून ठेवा, असा की जो महिन्याभराने न लाजता विचारेल, काय मग, त्यात अजून काही नवीन घातलंस का?