मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन मोठं करताना

आधी हिशेब, मग बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कातून रुंद करणं. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल. बोअर गुणिले बोअर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक, मापं सेंटीमीटरमध्ये, शेवटी गुणिले सिलिंडर. जिप्सीच्या जी१३बीबी इंजिनाचा बोअर ७४ मिमी आणि स्ट्रोक ७५.५ मिमी, म्हणून १२९८ सीसी. ०.५० मिमी ओव्हरसाइज (मूळ मापाहून तेवढे मोठे) पिस्टन घातले तर १३१६ होतात, बोअर थेट ७५ केला तर १३३४. अख्खा एक मिलिमीटर कातून हाती लागतात ३५ सीसी, पावणेतीन टक्के. चोर्ला घाटात तिसरा गिअर टाकावा लागत होता तिथे एवढ्यावर चौथा चालणार नाही. सिलिंडर झिजलेत, बोअर करायचाच आहे, तर हे ३५ सीसी घ्या. नुसत्या सीसीसाठी चांगला ब्लॉक कातू नका.

खरी वाढ स्ट्रोकमध्ये असते. जुन्या बलेनो सेडानचं १५९० सीसीचं इंजिन बघा: बोअर ७५, स्ट्रोक मात्र ९०. पण तो क्रँक (पिस्टनची चाल ठरवणारा फिरता दांडा) १.३ च्या ब्लॉकात बसवायचा बेत सोडा, १.६ चा ब्लॉकच उंच असतो. स्ट्रोक २ मिमीने वाढला की पिस्टन १ मिमी वर येतो. तेवढी पिन पिस्टनमध्ये वर सरकवायची किंवा कनेक्टिंग रॉड आखूड करायचा. शिवाय ७००० आरपीएमला ७५.५ च्या स्ट्रोकवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.६ मीटर असतो, ९० वर २१. खर्च धरला तर अख्खं मोठं इंजिन बसवणं सोपं. मात्र आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) सीसी आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. मोटर वाहन कायदा १९८८ चं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ वाचा आणि काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा.

आता बोअरकडे. हा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या भिंती बनणाऱ्या नळ्या. ७५ वर जायचं असेल तर आधी अल्ट्रासॉनिक गेजने लायनरची जाडी मोजून घ्या, चारही बाजूंनी, वर-मध्ये-खाली. पिस्टनही नुसता बोअर बघून घेऊ नका. पिनचा व्यास आणि पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची व्हर्नियरने ताडून बघा. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक कातायला देऊ नये. बोअरिंगवाला म्हापशाचा असो की फोंड्याचा, त्याला प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून ज्याचा त्याला सिलिंडर ठरवायला सांगा. बोअरिंगनंतर होनिंगसाठी (दगडाने शेवटची बारीक घासाई) ०.०५ ते ०.०८ मिमी राखायचे. ओतीव पिस्टनला भिंतीशी फट ०.०२ ते ०.०४ मिमी, फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन जास्त फुगतो, त्याला बनवणाऱ्याने दिलेलीच फट ठेवा. होनिंग करताना हेडच्या जागी टॉर्क प्लेट (हेडसारखीच आवळायची जाड पट्टी) आवळली तर उत्तम, कारण हेडचे बोल्ट ताणले की ॲल्युमिनियमचा ब्लॉक हलतो आणि गोल सिलिंडर गोल राहत नाही. मग रिंगा बसत नाहीत, तेल जळतं, आणि दोष रिंगांवर जातो.

वरच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट बोअरच्या दर मिलिमीटरला ०.००४ मिमी, म्हणजे ७५ ला ०.३०. रिंग पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ बसवा, मग फीलर गेज घाला. फट कमी पडली तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि पिस्टनची कडा उखडते. थोडी जास्त झाली तर फारसं बिघडत नाही.

कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, आपोआप वाढतं, हे लक्षात ठेवा. हेडचा खोलगट भाग ॲक्रिलिकची काच ग्रीस लावून झाकून, ब्युरेटने रंगीत केरोसीन सोडून मोजा. गॅस्केट आणि पिस्टनवरची जागा धरून एका सिलिंडरला समजा ३८ सीसी भरली, तर ७४ वर ९.५ आणि ७५ वर ९.८. ९१ ऑक्टेनवर, गोव्याच्या मे महिन्याच्या उकाड्यात, १० च्या वर नेलं तर घाटात नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) येतं. पिस्टन आणि हेडमधलं अंतर बघायला पिस्टनच्या माथ्यावर सोल्डरची तार ठेवून, जुनं गॅस्केट घालून, हेड आवळून एक फेरा हाताने फिरवा. चेपलेली तार १ मिमीच्या आसपास हवी.

होनिंगची धूळ केरोसीनने जात नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश. पांढरा कपडा सिलिंडरमध्ये फिरवून पांढराच बाहेर आला पाहिजे. लगेच वाऱ्याने सुकवा आणि तेल फासा. पावसाळ्यात, त्यातही किनाऱ्याजवळ, उघडं लायनर जेवून येईपर्यंत तांबूस होतं.

३५ सीसीपुरतं पेट्रोल ऑक्सिजन सेन्सर एकसारख्या वेगावर सांभाळून घेतो. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्याचं ऐकत नाही, तिथे वाइडबँड सेन्सर लावून हवा-पेट्रोलचं मिश्रण तपासा.

रन-इनला (नवं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा चालवून रिंगा बसवताना) मिनरल तेल घाला. पहाटे हायवे ६६ वर तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ४००० पर्यंत ओढायचं, पाय काढून सोडायचं, परत ओढायचं. तासभर आयडलवर ठेवलं की सिलिंडर गुळगुळीत होतात, रिंगा बसतच नाहीत. घाट ५०० किलोमीटरनंतर. पहिलं तेल १०० किलोमीटरला काढा आणि फिल्टर कापून कागद उलगडा: थोडी करडी पूड चालेल, चमकणारे कण दिसले तर बेअरिंग उघडा.