मेटल फेस्टिव्हल आखताना घड्याळ उलटं लावा

पुण्या-मुंबईत पहिलाच मेटल, म्हणजे हेवी मेटल संगीताचा, फेस्टिव्हल मोकळ्या मैदानावर करताय? मग वेळापत्रक शेवटाकडून लिहायला घ्या. रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा नियम. मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मिळते, तिच्या भरवशावर राहू नका. मुख्य बँड 9:45ला संपवायचा, म्हणजे 8:30ला सुरू. त्याआधी पाऊण तास स्टेज त्यांच्या तयारीसाठी मोकळं.

वेळ खरा जातो तो दोन बँडांमधल्या अदलाबदलीत, आणि त्यातही ड्रम्सवर. सगळ्यांना एकच ड्रमसेट आणि अॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) द्या. स्नेअर (खणखणीत आवाजाचा छोटा ड्रम), झांजा आणि डबल पेडल (दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवायचं पेडल) ड्रमरने स्वतःचं आणावं. हे करारातच लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. एवढं केलं तर 20 मिनिटांत काम होतं.

क्रम लावताना तीन डेथ मेटल (घोगऱ्या, गुरगुरत्या गायकीचा कर्कश प्रकार) बँड एकापाठोपाठ नकोत, कट्टर चाहत्यांचेही कान थकतात. मध्ये संथ, जड डूम किंवा वेगवान थ्रॅश मेटलचा बँड घाला. स्थानिक बँडला भर दुपारच्या रिकाम्या मैदानावर ढकलू नका. त्यांचे मित्रच तुमची पहिली तिकिटं घेतात.

तारीख थंडीतली, पण इंजिनिअरिंगच्या परीक्षा बघून. परदेशी बँड हवा असेल तर तो आशियात दौऱ्यावर कधी येतोय ते आधी पाहा, विमानखर्च बराच वाचतो.