बाळाला वरचं अन्न सुरू करताना: आधी वाटी कुणाच्या हातात ते ठरवा

नात सहा महिन्यांची होत आली तेव्हा आमच्या नेरूळच्या घरात तीन पक्ष पडले होते. सुनेच्या फोनमधल्या तक्त्यात पहिल्या दिवशी लाल भोपळा, चौथ्या दिवशी गाजर असं सगळं आखलेलं. विहीणबाईंचा हट्ट नाचणीच्या सत्त्वाचा. आणि मी वरणाच्या पाण्यावर अडून बसलेली, कारण माझी दोन्ही पोरं त्यावरच वाढली असं मला वाटत होतं. मुलगा म्हणाला, "तुमचं ठरलं की सांगा, मी आणून देतो," आणि अंग काढून घेतलं. बाळाच्या वाटीत काय पडणार हे बहुतेक घरांत असंच ठरतं. आईची रजा, सासूचा शब्द, सांभाळणाऱ्या बाईची घाई, शेजारणीने घातलेली भीती, रीलमधलं पाकीट, असे सगळे त्या वाटीत हात घालतात. त्यामुळे पाककृती मागाहून. आधी हे हात मोजायचे.

१. दिवस मोजा

पूर्ण सहा महिने, म्हणजे १८० दिवस, फक्त आईचं दूध. पाणी नाही, घुटी नाही, मध तर नाहीच. मधातून एक वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, त्यामुळे बारशाला मध चाटवायची हौस सोडून द्या. १८० दिवस झाले की मात्र उशीर नको. जन्माच्या वेळी अंगात साठलेलं लोह साधारण याच सुमारास संपत येतं आणि आईच्या दुधात ते फार थोडं असतं. दूध बंद करायचं नसतंच, ते दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू ठेवायचं. त्याच्या जोडीला वरचं.

उष्टावणाचा घोळ इथेच होतो. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात असा रिवाज. मग मुलीसाठी कुणी पाचवा धरतं. सहा पूर्ण होऊन सातवा लागला की मुलीचा रिवाजही सांभाळला जातो आणि वेळही बरोबर साधते. मुलाच्या बाबतीत भटजींना 'सहावा पूर्ण झाल्यावरचा मुहूर्त' असं स्पष्ट सांगा, नाहीतर सहावा 'चालू' असताना मामा खिरीची वाटी घेऊन बसतो. बाळ नऊ महिन्यांआधी जन्मलेलं असेल तर दिवस कसे मोजायचे ते डॉक्टरांना विचारा.

आता रजेचा हिशेब. नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवडे पगारी रजा, म्हणजे १८२ दिवस. कागदावर अगदी बेतशीर. पण त्यातले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. सुनेने तीन घेतले, म्हणून नात १६१ दिवसांची असतानाच ती ठाण्याच्या गाडीत बसली. मधले १९ दिवस आम्ही काढून ठेवलेल्या दुधावर काढले. असं दूध झाकून बाहेर चार तास आणि फ्रिजमध्ये २४ तास ठेवता येतं. गॅसवर उकळायचं नाही, भांडं कोमट पाण्यात धरायचं आणि वाटी-चमच्याने पाजायचं. "आता कामावर जातेयस ना, मग वरचं सुरूच करून टाक" असं सांगणाऱ्या चौघी भेटतील. १९ दिवसांसाठी घाई करू नका. आणि ऑफिसात विचारून ठेवा: ५० किंवा अधिक माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय असावी आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता यावं, असं कायदा सांगतो.

२. दुपारी एकची वाटी कुणाची?

सकाळी आई असते, रात्री आई असते. दुपारी? एका कागदावर दिवसाच्या वेळा लिहा आणि प्रत्येकीसमोर भरवणाऱ्या माणसाचं नाव. आमच्या कागदावर साडेनऊ आणि एक माझे, संध्याकाळी पाच मुलाचे (त्याची सकाळची पाळी असते, अंग काढून घेतलं होतं ते असं परत लावलं), रात्री सुनेचं. जिचं नाव कागदावर, तिला शिकवणं आधी. तक्ता सुनेच्या फोनमध्ये आणि चमचा माझ्या हातात, अशाने काही होत नाही.

पाळणाघर असेल तर डब्यावर चिकटपट्टी लावून त्यावर प्रमाण लिहा आणि उरलेलं न धुता परत मागा. आमच्या मजल्यावरच्या एका बाळाचा डबा रोज लख्ख धुऊन यायचा. आई खूश. महिन्याभराने कळलं की अर्धं अन्न मोरीत जात होतं.

माझ्याकडे भांड्याला येणारी बाई तुर्भ्याहून येते. तिला कसली रजा? तिचं आठ महिन्यांचं बाळ थोरली मुलगी सांभाळायची, आणि थोरली म्हणजे आठ वर्षांची. ती चहात बिस्कीट बुडवून द्यायची, कारण तिला गॅस लावू देत नाहीत. अशा घराला खिमटाची, म्हणजे भाजलेल्या तांदूळ-डाळीच्या पुडीच्या लापशीची, कृती सांगून उपयोग नाही. बाळाचं नाव अंगणवाडीत घाला, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना तिथून घरी न्यायचा आहार मिळतो. आणि पोरीला गॅसशिवाय करता येईल असं काही दाखवा: कुस्करलेलं केळं, सकाळीच उकडून ठेवलेलं अंडं दहापर्यंत, फुटाण्याची अगदी बारीक पूड केळ्यात कालवून. चहा मात्र बंदच, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

३. खिमट करा, आणि चमचा तिरका करून बघा

तीन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ. वेगवेगळे धुऊन सुती कापडावर सावलीत खडखडीत वाळवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस लागतात, आणि तेव्हा पंधरा दिवसांपुरतंच करा. मंद आचेवर आधी तांदूळ, मग डाळ, डाळीला खमंग वास सुटेपर्यंत भाजा. अर्धा चमचा जिरं त्याच कढईत. गार झालं की रव्यासारखं दळा, पिठासारखं नको.

शिजवताना पोहे खायच्या चमच्याने दोन चमचे पूड पाऊण वाटी गार पाण्यात कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग गॅसवर ठेवून ढवळत आठ-दहा मिनिटं. उतरवून अर्धा चमचा तूप. मीठ, साखर, गूळ वर्षभर नको. आपल्याला बेचव लागतं, बाळाला ठाऊकच नाही.

आता माझी चूक. खिमट घशात अडकेल या भीतीने मी ते पातळ करून वर गाळायची. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीला नेलं तेव्हा तक्त्यावरची वजनाची रेघ आडवी झालेली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, चमचा तिरका केल्यावर ओघळतं का?" ओघळायचंच की! सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिलीलीटर मावतं. ते पाण्याने भरलं तर ताकद कुठून येणार? वरणाचं पाणी, पेज, भाताची निवळ, सगळ्यांची हीच गत. चमचा तिरका केला तरी खिमट त्यावर टिकलं पाहिजे. माझ्या पोरांना मी वरणाचं पाणी पाजलं खरं, पण त्याच्या जोडीला माझी सासू त्यांना तूप-मेतकूट-भात चारायची, हे मी सोयीस्करपणे विसरले होते.

४. प्रमाण

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीनदा, वाढवत २५० मिलीलीटरच्या वाटीची अर्धी. नऊ ते अकरा महिने तीन-चारदा, अर्धी ते पाऊण. वर्षानंतर तितक्याच वेळा पाऊण ते भरलेली वाटी, शिवाय मधे एक-दोनदा खाऊ. आपली आमटीची वाटी यापेक्षा लहान असते, तेव्हा एकदा पाण्याने मोजून घ्या. आठव्या महिन्यापासून हातात धरता येईल असं मऊ काही द्या, आणि नऊ-दहापर्यंत गुठळ्या चावायची सवय लागलीच पाहिजे. त्यानंतर मूल गुळगुळीतच मागत राहतं.

५. 'उष्ण' आणि 'थंड' यांच्याशी बोला

अंडं उष्ण, केळं-दही थंड, पालेभाजीने पोट बिघडतं. एवढं सगळं वगळल्यावर उरतो भात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशभरात जेमतेम ११ टक्के निघाली, याचं मला नवल वाटलं नाही. पैसा हे कारण आहेच. पण सीवूड्सच्या टॉवरमध्येही दूध-बिस्किटावर चाललेली बाळं मी पाहिली आहेत.

आठ गट धरा: आईचं दूध, धान्य-कंद, डाळी-शेंगदाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडं, पिवळी-हिरवी भाज्या-फळं, इतर भाज्या-फळं. रोज निदान पाच. पूर्ण उकडलेलं अंडं सहा महिन्यांनंतर चालतं, पिवळं-पांढरं दोन्ही. उशिरा दिल्याने ॲलर्जी टळत नाही. अंगावर फार इसब असेल तर मात्र आधी डॉक्टर. शेंगदाण्याची बारीक पूड खिमटात. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही.

मासे खाणाऱ्या घरांनी बिचकू नये. आम्ही बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या बाजारातून पापलेट आणतो, मधला तुकडा वाफवतो आणि बोटांनी चिवडतो. चमच्याने नाही, काटा बोटालाच कळतो. मग मऊ भातात. माझ्या शेजारणी आगरी, त्यांच्याकडे हे सांगावंच लागत नाही. शाकाहारी घरात डाळीवर लिंबाचे दोन थेंब पिळा, त्यातलं लोह जास्त अंगी लागतं. शिवाय सहा महिने ते पाच वर्षं आठवड्यातून दोनदा एक मिलीलीटर लोहाचं औषध सरकारी कार्यक्रमातून मिळतं. आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य कार्यकर्त्या, दार वाजवतात तेव्हा सोसायटीच्या वॉचमनला त्यांना अडवू नको म्हणून सांगा.

गाईचं दूध मुख्य पेय म्हणून वर्षानंतर. दह्याला, खिरीतल्या चार चमच्यांना हरकत नाही.

६. पाकिटाची मागची बाजू

दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या तयार अन्नाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे. तरी मोबाइलमधली हसरी आई डबा दाखवतेच. पाकीट उलटून घटक वाचा. साखर, माल्ट, ग्लुकोज पहिल्या चार-पाच नावांत असेल तर परत ठेवा. प्रवासात कधीमधी चालेल, रोजची सवय नको.

७. भरवताना

बाळ ताठ बसलेलं, तुम्ही समोर, टीव्ही आणि फोन बंद. तोंड फिरवलं तर थांबा, दोन मिनिटांनी पुन्हा विचारा, मग वाटी उचला. नाक दाबून कोंबणारी आमची पिढी. ते विसरा. नवीन चव आठ-दहा वेळा थुंकली जाणं नेहमीचंच. उबळ येऊन खोकलं, डोळ्यांत पाणी आलं, तर घाबरू नका, ते स्वतःच सोडवतं. आवाजच बंद झाला आणि चेहरा निळा पडू लागला तर मात्र पालथं धरून, डोकं खाली ठेवून, पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर दोन बोटांनी पाच दाब, आणि कुणालातरी मदतीला पळवा. अख्खी द्राक्षं, फुटाणे, मक्याच्या लाह्या घरात खाली पडू देऊ नका.

८. ताप-जुलाबात

तोंडी अन्न तोडायचं नाही. थोडं थोडं, जास्त वेळा, दूध चालूच. जुलाबात ओआरएस आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक १४ दिवस, मधेच थांबले तरी. पिण्याचं पाणी उकळून गार केलेलं, आणि शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवलेलं नको, मे महिन्यात तर त्याहून कमी. बरं झाल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्तीचं. आमच्या फ्रिजवरच्या कागदावर ती पाचव्या ओळीची वाटी मी पेनाने वाढवली आणि समोर मुलाचं नाव टाकलं. त्याने खोडलं नाही अजून.