पिक्चरचं परीक्षण लिहिता? मग या चुका टाळा

पिक्चर सुटल्यापासून पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत नागपुरात प्रत्येक जण समीक्षक असतो. "फर्स्ट हाफ मस्त बे, सेकंड हाफमध्ये लय पकवलं" एवढं बोलायचं आणि पानठेल्याकडे वळायचं, दोस्ताला तेवढं पुरतं पण. भानगड होते ती हेच वाक्य परीक्षण म्हणून टाकलं की. हल्ली इन्स्टावर, यूट्यूबवर, सोसायटीच्या ग्रुपवर सगळेच परीक्षणं टाकून राहिले, चांगलंच आहे, पण वाचून पिक्चर कसाय ते काही कळत नाही, फक्त लिहिणाऱ्याचा मूड कळतो. पेपरात वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या समीक्षकाची आवड काही आभाळातून पडलेली नसते, तोही कधी कधी भंकस पिक्चरवर खूश होतो. फक्त तो मत दिलं की त्यामागचा सीन दाखवतो. खालच्या बहुतेक चुका असा सीन न दाखवल्यानेच होतात.

अख्खी स्टोरी सांगून टाकणं

ही सगळ्यात कॉमन. स्टोरी सांगणं सोपं असतं, हात आपोआप चालतो आणि पाचशे शब्द भरून जातात. लिहून झाल्यावर "आणि मग", "तेवढ्यात", "इकडे हिरो" हे किती वेळा आलं ते बघा, जास्त आलं असेल तर समजा की तुम्ही पिक्चरचं वर्णन केलंय, परीक्षण अजून सुरूच व्हायचंय. स्टोरी तीन-चार ओळींत बसवा, तीही पहिल्या अर्ध्या तासात कळते तेवढीच.

शेवटाबद्दल बोलायचंच असेल तर काय होतं ते सोडा आणि कसं दाखवलं ते लिहा. 'सैराट' (2016) घ्या. तोवर अजय-अतुलचं संगीत कानात भरून वाजत असतं आणि शेवटच्या काही क्षणांत दिग्दर्शक आवाजच काढून घेतो. एवढंच लिहिलं तरी वाचणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी मोठं होणारे, आणि ज्याने अजून पाहिला नाही त्याची मजाही जात नाही.

'छायांकन नयनरम्य, संगीत श्रवणीय' टाइप वाक्यं

"अभिनय उत्तम, छायांकन नयनरम्य, संगीत श्रवणीय, संकलन अजून टाइट हवं होतं." हे वाक्य उचलून कुठल्याही पिक्चरला लावा, बसतंच. म्हणजे ते कुठल्याच पिक्चरबद्दल नाहीये. शाळेच्या प्रगतीपुस्तकासारखं प्रत्येक खात्याला एकेक शेरा देऊन मोकळं व्हायचं, याने वाचणाऱ्याच्या हातात काही लागत नाही.

यावर उपाय एकच, दर शेऱ्यामागे एक सीन. 'कोर्ट' या मराठी पिक्चरचं उदाहरण देतो, कारण त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचेच, 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक आणि चळवळीतले कार्यकर्ते, 2021 मध्ये कोरोनाने गेले. चैतन्य ताम्हाणेच्या या पिक्चरला 2014 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले, मग राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. पण पाहायला बसलं की पुष्कळ लोक म्हणतात, "कॅमेरा हलतच नाही बे, काही होतच नाही." आता हे निरीक्षण बरोबर आहे हां! कॅमेरा खरंच लांब, एका जागी उभा असतो. चूक पुढे होते, निरीक्षणाला थेट दोष म्हणण्यात. जरा थांबून विचारा की कॅमेरा असा का ठेवला असेल. तारीख पडते, पुढची केस पुकारली जाते, एका बाईची केस न्यायाधीश ऐकतच नाहीत कारण काय तर तिने बिनबाह्यांचा ड्रेस घातलाय, आणि या सगळ्यावर ना रडकं पार्श्वसंगीत वाजतं, ना कोणी भाषण ठोकतं. आपण मागच्या बाकावर बसून तारखेची वाट पाहून राहिलोय असं वाटायला लागतं आणि तो कंटाळाच पिक्चरचा विषय आहे. हे कळल्यावरही तुम्ही म्हणू शकता की मला नाही झेपला, काही हरकत नाही, पण मग ते मत झालं, आधी होती ती नुसती तक्रार.

अभिनयाचंही तसंच. या पिक्चरमधले पुष्कळ लोक व्यावसायिक नट नव्हते. वीरा साथीदार शाहिरी करतात तेव्हा आवाज कुठून येतो, कोर्टात उत्तर देताना चेहऱ्यावर किती कमी हलतं, असं काहीतरी पकडा. "सहज अभिनय" हे दोन शब्द आजवर इतक्या जणांना लावून झालेत की त्यांना आता काही वजनच उरलं नाही.

चुकीच्या फूटपट्टीने मोजणं

मसाला पिक्चरला जाऊन "लॉजिक कुठंय" विचारायचं आणि संथ पिक्चरला जाऊन "एंटरटेनमेंट कुठंय" विचारायचं, हे दोन्हीकडून चालू असतं. आधी बघायचं की पिक्चरला करायचं काय होतं, मग ते जमलं का, आणि शेवटी ते करण्यासारखं तरी होतं का. तिसरा प्रश्न बहुतेक लोक विसरतात, म्हणून हिंसेचं उगाच कौतुक करणाऱ्या चकाचक पिक्चरलाही फुल मार्क पडून जातात.

दिग्दर्शक राजकुमार हिरानी नागपूरचा, पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेला. त्याच्या '3 इडियट्स'मधला (2009) व्हॅक्यूम क्लीनर लावून केलेल्या बाळंतपणाचा सीन आठवा. डॉक्टर लोक त्यावर डोक्याला हात लावतील, बरोबरच आहे. पण चांगला समीक्षक इथे दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवतो. वैद्यकीय दृष्ट्या सीन लंगडा, हे लिहायचं. आणि 'ऑल इज वेल' हे पालुपद आधीपासून पिक्चरभर पेरून ठेवल्यामुळे त्या क्षणी थिएटर रडतं, हेही लिहायचं. पेरलं कुठे आणि उगवलं कुठे हे दाखवता आलं की पटकथेवर बोलणं जमलं म्हणा. एवढा भावनेचा मारा तुम्हाला ओढूनताणून वाटला तर तेही लिहा, फक्त कोणत्या जागी वाटला ते सांगा.

'लांब आहे' म्हणून मोकळं होणं

'झुंड' (2022) जवळपास तीन तासांचा. नागपुरात शूट झालेला, हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक राहिलेल्या, झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलकडे वळवणाऱ्या विजय बारसेंच्या कामावर बेतलेला, त्यामुळे इथे दोन टोकं दिसली. एकीकडे आपल्या गावाचा पिक्चर म्हणून सगळंच माफ, दुसरीकडे "नागपुरात असं कोणी बोलते का" म्हणून एकेक शब्दाचा कीस. आणि दोन्हीकडे "सेकंड हाफ लांबला" हे होतंच.

लांबला हे खरं धरू, पण का लांबला? पहिल्या भागात सगळं एका मॅचकडे जात असतं, भिंतीच्या अलीकडची झोपडपट्टीतली पोरं आणि पलीकडची कॉलेजची टीम, आणि कोण जिंकणार हे बघायला आपण थांबतो. ती मॅच झाली की पिक्चर फुटतो, पोरांच्या वेगवेगळ्या गोष्टी, पासपोर्टसाठी कागदपत्रांची मारामारी. ओढणारी दोरी एक होती ती पाच-सहा झाली. माझ्या मते कागदपत्रांच्या भागातच पिक्चरचा जीव आहे, कारण ज्याचं अस्तित्वच कुठल्या कागदावर नाही त्याला गोल मारणं सोपं आणि फॉर्म भरणं अवघड, पण तिथेच बाकीच्या छोट्या गोष्टी मध्ये मध्ये येऊन वेग मारतात. असं लिहिलं की न पटणाऱ्यालाही भांडायला जागा मिळते. नुसतं "लांब आहे" तर घड्याळही सांगते.

थिएटरचा किंवा टीव्हीचा दोष पिक्चरच्या माथी

यावर कोणी बोलतच नाही. "डायलॉग ऐकूच येत नाहीत" लिहायच्या आधी आठवा की ट्रेलरचे डायलॉग नीट येत होते का. तेही पुसट असतील तर हॉलचा स्पीकर बघावा लागेल. ठरावीक सीनमध्येच आवाज दबत असेल तर मग साउंड मिक्सिंगला, म्हणजे पिक्चरचे सगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या कामाला धरा. पडदा अंधारा वाटला तरी तेच, कधी कधी प्रोजेक्टरवर थ्रीडीची लेन्स तशीच राहून जाते आणि शिव्या खातो कॅमेरामन.

घरी ओटीटीवर पाहत असाल तर टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (दोन फ्रेमच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या फ्रेम घालतो ती सेटिंग) बंद करा, नाहीतर कोट्यवधींचा पिक्चर संध्याकाळच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. टीव्हीचेच स्पीकर असतील तर ऑडिओमध्ये 5.1 (सहा स्पीकरसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरचा) निवडून बघा, डायलॉग वर येतात बऱ्याचदा. आणि मोबाइलवर पाहून छायांकनावर बोलूच नका राव.

टक्के आणि स्टार

समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवर 90 टक्के म्हणजे 100 पैकी 90 मार्क नाहीत. 100 पैकी 90 समीक्षकांनी कौल बाजूने दिला, एवढाच त्याचा अर्थ, 60 किंवा त्याहून वर असलं की 'फ्रेश'. सगळ्यांना जेमतेम बरा वाटलेला पिक्चरही 90 वर जाऊ शकतो, आणि अर्ध्यांना वेड लावणारा, अर्ध्यांनी हाकललेला पिक्चर 50 वर लटकतो. मेटाक्रिटिक ही तशीच दुसरी वेबसाइट मात्र काही समीक्षकांना जास्त वजन देऊन मार्कांची सरासरी काढते. स्टार सगळ्यात शेवटी द्या, आधी ठरवले की अख्खं लेखन त्या स्टारची वकिली करत बसतं.

ओळखीपाळखी

नागपूरचं वर्तुळ लहान आहे. शॉर्ट फिल्मवाला वर्गमित्र निघतो, हिरोईन आत्याच्या गल्लीतली, प्रीमियरचा पास फुकट, पडद्यासमोर सेल्फी झालेली, आणि रात्री साडेअकराला पाच स्टार पडतात. ओळख आहे हे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाका, नाहीतर तो पिक्चर दुसऱ्या कोणाला लिहू द्या. आणि दोस्ताला सेकंड हाफमधली गडबड सांगायचीच असेल तर एडिट लॉक, म्हणजे संकलन पक्कं व्हायच्या आधी फोन करून सांगा, तेव्हा काही कापता तरी येतं.