क्रूझवरून लवकर उतरून विमान पकडायचंय? या चुका टाळा

क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या दिवसापुढे ‘आगमन सकाळी ६’ असं छापलेलं असतं. ते वाचून बरेच जण साडेनऊचं विमान बुक करून मोकळे होतात. साडेतीन तास म्हणजे भरपूर वेळ, असं वाटतं. पण ती सहाची वेळ जहाजाची असते, प्रवाशाची नसते.

धक्क्याला लागणं आणि उतरणं यांतलं अंतर

जहाज दोरखंडांनी बांधलं की आधी गँगवे, म्हणजे उतरायचा पूल लागतो. मग स्थानिक अधिकारी वर येतात किंवा खालूनच कागद तपासतात. प्रवाशांची यादी, कर्मचाऱ्यांची यादी, आरोग्याचा अहवाल हे सगळं मंजूर होईपर्यंत एकालाही खाली सोडत नाहीत. त्यात साधारण पाऊण ते सव्वा तास जातो. म्हणजे सहाला लागलेल्या जहाजावरून पहिला गट सव्वासात-साडेसातला उतरतो आणि शेवटचा साडेनऊ-दहाला.

हिशेब पहिल्या गटाच्या वेळेपासून मांडा. साडेसातला गँगवे, टर्मिनलमधलं इमिग्रेशन आणि कस्टम्स मिळून पाऊण तास, विमानतळापर्यंत पाऊण तास. झाले नऊ. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचं तर बारा वाजतात. हे सगळं सुरळीत झालं तर. नेहमीच्या गटातून, म्हणजे साडेनऊला उतरलात, तर हाच हिशेब दुपारी दोनवर जातो. म्हणून आंतरराष्ट्रीय विमान दुपारी दोननंतरचं आणि देशांतर्गत विमान साडेबारा-एकनंतरचं घ्यावं. जवळच्या विमानतळावरून अकराचं देशांतर्गत विमान मिळू शकतं, पण तेव्हा पहिल्याच गटातून उतरावं लागतं आणि वाटेत काहीही अडून चालत नाही. त्याआधीचं विमान म्हणजे जुगार.

आणि अडायला कारणं पुष्कळ असतात. धुकं असलं की बंदराचे पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारे स्थानिक जाणकार, जहाज आत आणत नाहीत. अमेरिकेतल्या टॅम्पा आणि गॅल्व्हेस्टन या बंदरांत हिवाळ्यात हे वरचेवर होतं. आदल्या रात्री कुणा रुग्णासाठी जहाजाला वाट वाकडी करावी लागली, तरी उशीर ठरलेला. यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. हातात असतं ते तिकीट निवडणं: जहाज तीन तास उशिरा आलं तरी त्याच दिवशी त्याच मार्गावर नंतरचं विमान आहे का, एवढं बुकिंगच्या वेळी नक्की पाहा. दिवसातलं एकमेव विमान असेल तर एक रात्र बंदराच्या गावात काढणं स्वस्त पडतं.

बंदराच्या नावातलं शहर खरंच तिथे असतं का?

जाहिरातीत ‘रोम’ लिहिलेलं असलं तरी जहाज लागतं चिवितावेक्कियाला. तिथून फ्युमिचिनो विमानतळ सुमारे तासाभरावर. ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, पॅरिसपासून जवळपास २०० किलोमीटर. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, तेही बर्लिनपासून २०० किलोमीटरहून लांब. ‘लंडन’ बहुतेक वेळा साउथॅम्प्टन असतं, तिथून हीथ्रोला जायला सव्वा ते दीड तास. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’च्या कित्येक फेऱ्या रावेनाला संपतात आणि तिथून व्हेनिसचा विमानतळ सुमारे दीडशे किलोमीटरवर राहतो.

उलटही असतं. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या पोर्ट एव्हरग्लेड्सपासून विमानतळ गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. त्याच फ्लोरिडात पोर्ट कॅनाव्हरलहून ऑर्लँडोचा विमानतळ सत्तरेक किलोमीटर. पिरेअसहून अथेन्सच्या विमानतळापर्यंत ऑक्टोबर २०२२ पासून थेट मेट्रो जाते, त्यामुळे तिथे ट्रॅफिकची धास्ती नाही. शहराच्या नावावर जाऊ नका. बुकिंगवरचं टर्मिनलचं नाव नकाशात टाका आणि आठवड्याच्या त्याच वारी सकाळी आठला किती वेळ लागतो ते बघा.

बॅग दाराबाहेर ठेवायची की हातात न्यायची?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. शेवटच्या रात्री दोन मार्ग असतात. पहिला: रंगीत किंवा आकड्यांचा टॅग लावून बॅग रात्री दहा-अकराच्या आत केबिनच्या दाराबाहेर ठेवायची. ती जहाजाच्या पोटात जाते आणि सकाळी टर्मिनलच्या हॉलमध्ये टॅगप्रमाणे मांडली जाते. दुसरा: सगळ्या बॅगा स्वतः ओढत सगळ्यांत आधी उतरायचं. याला कुठे सेल्फ-असिस्ट म्हणतात, कुठे एक्स्प्रेस, कुठे वॉक-ऑफ.

लवकरचं विमान असेल तर दुसराच मार्ग. पण लोक सवयीने एक मोठी बॅग बाहेर ठेवतात आणि सकाळी पहिल्या गटाबरोबर खाली जातात. बॅग मात्र अजून हॉलमध्ये आलेली नसते, कारण ती तुमच्या टॅगच्या गटाबरोबर येणार. रात्री अकरानंतर मन बदललं तरी उपयोग नाही. एकदा बॅग खालच्या डेकवरच्या पिंजऱ्यात गेली की ती शोधून परत देत नाहीत.

दुसऱ्या मार्गाची अट कडक आहे: सगळं सामान एकाच खेपेत स्वतः न्यायचं. जहाजाचे कर्मचारी हात लावत नाहीत, पहिल्या अर्ध्या तासात लिफ्ट भरून जातात, आणि जिन्यावरून पाच-सहा मजले उतरावे लागू शकतात. माणशी एक मोठी आणि एक छोटी बॅग यापलीकडे जमत नाही. व्हीलचेअरची मदत घेणाऱ्यांना बहुधा वेगळ्या गटात आणि ठरलेल्या वेळी नेतात, त्यामुळे सोबत असं कुणी असेल तर विमानच उशिराचं घ्या.

मधला एक मार्ग बऱ्याच जणांना माहीत नसतो. विमानाची वेळ दाखवून रिसेप्शनवर लवकरच्या गटाचा टॅग मागता येतो. तो शेवटच्या रात्री मागायला गेलात तर संपलेला असतो. प्रवास संपायच्या दोन-तीन दिवस आधी जा.

आदल्या संध्याकाळी राहून जाणारी कामं

जहाजावर सामानाच्या वजनाला फारसं कुणी विचारत नाही, विमानात बहुतेक ठिकाणी बॅगेमागे २३ किलो. खरेदीने फुगलेली बॅग विमानतळाच्या फरशीवर उघडून बसायचं नसेल तर हाताने धरायचा छोटा काटा सोबत ठेवा. दारूच्या बाटल्यांचं गणितही इथेच चुकतं. जहाजाच्या दुकानातून किंवा वाटेतल्या बंदरातून घेतलेल्या बाटल्या जहाज ठेवून घेतं आणि शेवटच्या संध्याकाळी परत देतं. तोवर बॅग भरून दाराबाहेर गेलेली असली तर बाटल्या हातात राहतात, आणि बहुतेक विमानतळांच्या सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरवरचं द्रव पुढे जात नाही. त्यामुळे बाटल्या येईपर्यंत बॅग बंद करू नका. चेक-इन बॅगेत २४ ते ७० टक्के अल्कोहोलच्या बाटल्या माणशी ५ लिटरपर्यंत चालतात, ७० टक्क्यांवरची अजिबात नाही. देशात किती नेता येईल ही कस्टम्सची मर्यादा मात्र वेगळी.

जहाजाचं बिल सकाळी बघू, असं म्हणू नका. कार्ड नाकारलं गेलं असेल किंवा रोख खात्यात बाकी राहिली असेल तर गँगवेवर जहाजाने दिलेलं केबिनचं कार्ड लावताच यंत्र लाल होतं आणि तिथून रिसेप्शनच्या रांगेत परत. त्या सकाळी ती रांग अर्ध्या तासाची असते. रात्री केबिनच्या टीव्हीवर किंवा अ‍ॅपमध्ये खातं उघडा आणि वादाची रक्कम तेव्हाच मिटवा.

पासपोर्ट. काही मार्गांवर जहाज पासपोर्ट स्वतःकडे ठेवतं आणि शेवटच्या एक-दोन दिवसांत ठरावीक वेळेत परत देतं. ती वेळ चुकवू नका. तुमच्याकडेच असेल तर तो बहुधा तिजोरीत असतो आणि घाईत तिथेच राहतो. दुसऱ्या दिवशी घालायचा एक बूट तिजोरीत ठेवा, मग पासपोर्ट विसरणं अवघड आहे. बुटांवरून आठवलं: दाराबाहेर ठेवलेल्या बॅगेत सकाळची पँट आणि चपलाही गेल्या, असे प्रवासी जवळपास प्रत्येक फेरीत सापडतात. औषधं, चष्मा, चार्जर, सकाळचे कपडे हे हातातल्या पिशवीत.

विमानाचं वेब चेक-इन शेवटच्या बंदरातल्या फुकट वाय-फायवर किंवा जहाजाच्या इंटरनेटवर उरकून बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट घ्या. मात्र वेब चेक-इन झालं म्हणजे बॅग गेली असं नाही. बॅग ड्रॉपचं काउंटर देशांतर्गत विमानाला बहुधा ४५ मिनिटं आणि आंतरराष्ट्रीय विमानाला ६० मिनिटं आधी बंद होतं.

आणि घड्याळ. जहाजाची वेळ आणि बंदराची वेळ एकच असेल असं नाही. समुद्रावर फोन आपली वेळ नीट बदलत नाही. तिकिटावरची वेळ बंदराच्या गावची, गजर लावताना तीच धरा.

सकाळी

केबिन आठच्या सुमारास रिकामी करावी लागते आणि रूम सर्व्हिस त्या दिवशी सहसा बंद असते. नाश्ता सहालाच उरकून घ्या, पण बुफेतलं सफरचंद किंवा सँडविच पिशवीत टाकू नका. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे फळं आणि मांस न सांगता नेलं तर दंड होतो, आणि कुत्र्याने पिशवी हुंगली की पुढची वीस मिनिटं गेली.

सेल्फ-असिस्टवाल्यांना एखाद्या लाउंजमध्ये किंवा ठरावीक डेकवर जमायला सांगतात. गँगवे कुठल्या डेकवर लागणार हे भरती-ओहोटीप्रमाणे बदलतं, म्हणून घोषणा ऐकल्याशिवाय बॅगा घेऊन खाली उतरू नका. चुकीच्या डेकवरून पुन्हा वर चढणं म्हणजे गर्दीच्या उलट पोहणं. एकदा कार्ड शेवटचं लावून बाहेर पडलात की परत आत जाता येत नाही.

बाहेर गाडीचं काय? अ‍ॅपच्या टॅक्सीसाठी पुष्कळ टर्मिनलांवर वेगळा थांबा असतो, दारातून दिसत नाही. कस्टम्सच्या बाहेर आल्यावरच गाडी मागवा. आधी मागवलीत तर ड्रायव्हर वाट पाहून जातो आणि रद्द केल्याचे पैसे लागतात. क्रूझ कंपनीची बस सोयीची, पण भरल्याशिवाय सुटत नाही. घाईच्या विमानासाठी ती घेऊ नये.

मधल्याच बंदरात प्रवास सोडायचा असेल तर

हे प्रकरण वेगळं आहे. इथे प्रश्न वेळेचा कमी आणि परवानगीचा जास्त. जहाज सात दिवसांचं, तुम्हाला पाचव्या दिवशी घरी जायचंय. बॅग उचलून चालू लागायचं, असं होत नाही.

प्रवाशांची यादी प्रत्येक बंदराला आधीच गेलेली असते आणि त्यात तुम्ही ‘पुढे जाणारे’ असता. न सांगता परतला नाहीत तर कर्मचारी तुमची तिजोरी उघडून पासपोर्ट बंदरातल्या एजंटकडे देतात आणि जहाज निघतं. तुमचं सामान त्याच्याबरोबर जातं. इमिग्रेशनला कळवलं जातं, त्यामुळे विमानतळावर प्रश्न विचारले जातील हे धरून चाला.

काही देश क्रूझच्या प्रवाशांना दिवसभरापुरतं बिनव्हिसा उतरू देतात. त्या सवलतीत जहाजावर परत जाणं गृहीत धरलेलं असतं, विमानाने बाहेर पडणं नाही. त्या देशाचा पूर्ण व्हिसा लागतो का, हे आधी तपासा. जहाज नांगरून छोट्या होडीने किनाऱ्यावर नेतात अशा बंदरात सुटकेससकट उतरायला बऱ्याचदा नकार मिळतो. धक्क्याचं बंदर निवडा.

अमेरिकेत १८८६चा पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट अजून लागू आहे. परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून घेतलेला प्रवासी अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात कायमचा उतरवू शकत नाही. वाटेत ‘दूरचं’ परदेशी बंदर लागलं तरच ते चालतं. कॅनडा, बर्म्युडा आणि बहुतेक कॅरिबियन बेटं या व्याख्येत ‘जवळची’ ठरतात. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळीच बहामा, पनामा, माल्टा अशा देशांत नोंदलेली. म्हणून सिएटलहून अलास्काला निघालेल्या फेरीत अलास्कातल्याच जुनोला उतरून विमान धरलं तर कायदा मोडतो. व्हँकुव्हरहून निघालेल्या फेरीत हा कायदा आड येत नाही, कारण सुरुवात कॅनडात झाली. दंड माणशी शेकडो डॉलरचा, तो कंपनीला होतो आणि कंपनी तो तुमच्या खात्यावर टाकते.

तेव्हा जहाज निघण्याच्या काही आठवडे आधी कंपनीला बुकिंग क्रमांक, बंदर, तारीख आणि विमानाचा तपशील लिहून पाठवा. लेखी होकार आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. चढल्यावर पहिल्याच दिवशी रिसेप्शनला तो होकार दाखवा, कारण ऑफिसातली परवानगी जहाजापर्यंत पोहोचलेली असेलच असं नाही. उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळत नाहीत. स्वेच्छेने सोडलेला प्रवास सहसा विम्यातही बसत नाही.

बिघडलंच तर

जहाज उशिरा येणार हे रात्रीच कळलं तर विमान सुटण्याची वाट पाहू नका. सुटायच्या आधी एअरलाइनला कळवलं तर तिकीट बदलून मिळायची शक्यता असते. नंतर कळवलं तर ‘नो शो’, म्हणजे प्रवासी आलाच नाही अशी नोंद लागते आणि त्याच तिकिटावरचे पुढचे टप्पेही रद्द होतात. विमान क्रूझ कंपनीमार्फत घेतलं असेल तर आधी रिसेप्शनवर जा, बदल बहुधा तेच करतात. जहाज उशिरा आल्याचं लेखी पत्रही मागून घ्या, विम्याच्या दाव्याला ते लागतं.

हॉलमध्ये बॅग दिसली नाही तर आधी शेजारच्या रंगांच्या रांगा बघा. टॅग फाटलेल्या बॅगा बहुधा एका कोपऱ्यात वेगळ्या काढलेल्या असतात. तिथेही नसेल तर कस्टम्सच्या पलीकडे जाण्याआधी क्रूझ कंपनीच्या टेबलावर फॉर्म भरा, बॅगेचा फोटो आणि घरचा पत्ता द्या आणि फॉर्मची प्रत घेऊन विमानतळाकडे निघा. बॅग मागाहून पाठवता येते.