विभागीय विज्ञान प्रदर्शनाची तयारी करताना या चुका टाळा

विभागीय विज्ञान प्रदर्शनात मागे पडलेल्या प्रकल्पांकडे बारकाईने पाहिले, तर बहुतेकांचे नुकसान मांडणीच्या दिवशी झालेले नसते. ते काही महिने आधी, प्रश्न ठरवताना आणि परवानग्यांचे कागद पुढे ढकलताना होऊन गेलेले असते. शेवटच्या आठवड्यात फलक कितीही सुबक केला, तरी ही उणीव भरून निघत नाही. म्हणूनच तयारीचा क्रम चुकणे, ही मला सर्वांत महाग पडणारी चूक वाटते.

जगभरातील अनेक विभागीय प्रदर्शने ‘आयसेफ’ या आंतरराष्ट्रीय विज्ञान व अभियांत्रिकी प्रदर्शनाशी संलग्न आहेत. १९५० साली फिलाडेल्फिया येथे राष्ट्रीय प्रदर्शन म्हणून त्याची सुरुवात झाली होती. पुढे दिलेले नियम मुख्यतः त्याच चौकटीतले आहेत. आपले प्रदर्शन दुसऱ्या संस्थेचे असेल, तर त्या संस्थेची चालू वर्षाची नियमपुस्तिका मार्गदर्शक शिक्षकाने प्रकल्प सुरू होण्यापूर्वी पहिल्या पानापासून वाचावी, कारण गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबून भरलेले अर्ज हे नाकारले जाण्याचे अगदी साधे कारण असते.

विषय असतो, प्रश्न नसतो

‘जलशुद्धीकरण’, ‘सौरऊर्जा’, ‘प्लास्टिकचे दुष्परिणाम’ हे विषय आहेत. त्यांवर माहिती गोळा करता येते, तक्ते रंगवता येतात, चालती प्रतिकृतीही उभी करता येते. पण परीक्षक विचारतात की तुम्ही काय शोधून काढले, आणि तिथे विद्यार्थ्याजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही. ‘वाळूच्या थराची जाडी वाढवली, तर गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा किती कमी होतो?’ हा प्रश्न आहे, कारण त्यात बदलायची गोष्ट ठरलेली आहे, मोजायची गोष्ट ठरलेली आहे आणि उत्तर आधीपासून माहीत नाही. अभियांत्रिकी प्रकल्पालाही हीच कसोटी लावावी. उपकरण चालते एवढे पुरेसे नाही. कोणत्या निकषांवर ते आधीच्या उपायापेक्षा सरस आहे आणि ते कसे मोजले, हे सांगता आले पाहिजे.

प्रश्न फारच मोठा होत असेल, तर विद्यार्थ्याला एकच विचारावे : तू नेमके काय मोजणार आहेस, कशाने मोजणार आहेस आणि किती वेळा? या तिन्हींची उत्तरे लिहून काढता येईपर्यंत प्रयोगाला हात घालू देऊ नये. यात दोन आठवडे गेले तरी ते वाया जात नाहीत.

परवानगी मागाहून मिळत नाही

या चुकीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण तिच्यामुळे चांगले, कष्टाने केलेले प्रकल्प बाद होतात आणि त्या विद्यार्थ्याची समजूत काढणे फार कठीण जाते.

माणसांवर, पृष्ठवंशीय प्राण्यांवर किंवा सूक्ष्मजीवांसारख्या संभाव्य धोकादायक जैविक घटकांवर आधारलेल्या प्रकल्पांना पूर्वमान्यता लागते. ‘माणसांवर’ या शब्दाने अनेक शिक्षकांची गफलत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर औषधांच्या चाचण्या येतात. प्रत्यक्षात वर्गमित्रांना झोपेविषयी दिलेली प्रश्नावली, स्मरणशक्तीची छोटी चाचणी, किंवा विद्यार्थ्याने बनवलेले उपकरण इतरांनी वापरून पाहणे, हे सारे त्यात मोडू शकते. अशा प्रकल्पासाठी शाळेत किमान ३ सदस्यांची समिती लागते : एक शिक्षक, एक शाळा प्रशासनातील व्यक्ती आणि एक वैद्यकीय किंवा मानसिक आरोग्य क्षेत्रातील जाणकार. प्रकल्पाला मार्गदर्शन करणारा शिक्षक त्याच प्रकल्पाच्या समितीत बसू शकत नाही. सहभागी व्यक्ती अल्पवयीन असेल, तर पालकांची लेखी संमती लागेल का, हेही ही समितीच ठरवते, आणि हे सगळे पहिली प्रश्नावली वाटण्यापूर्वी झालेले असावे लागते.

सूक्ष्मजीवांच्या बाबतीत नेहमी दिसणारा प्रकल्प म्हणजे मोबाइलच्या पृष्ठभागावरील किंवा दाराच्या मुठीवरील जिवाणू वाढवून पाहणे. हे जिवाणू घरी वाढवण्यास मनाई आहे. शाळेच्या योग्य प्रयोगशाळेत, देखरेखीखाली, जिवाणू वाढवण्याची झाकणाची बशी एकदा बंद केल्यावर न उघडता आणि शेवटी नीट निर्जंतुक करून विल्हेवाट लावण्याच्या अटीवर ते करता येते. अनोळखी जिवाणूंच्या वसाहतीत रोगकारक जिवाणूही असू शकतात आणि झाकण उघडले की धोका वाढतो, हे कारण विद्यार्थ्यांना समजावून सांगावे. कारण समजले की नियम पाळायला ते स्वतःहून तयार होतात.

काम आधीच सुरू झाले आणि मान्यता राहून गेली, असे लक्षात आले तर काय करावे? जुनी तारीख टाकून सह्या घेण्याचा मार्ग शिक्षकाने कधीही सुचवू नये. गोळा केलेली माहिती बाजूला ठेवावी, समितीकडे रीतसर अर्ज करावा आणि मान्यतेनंतर नव्याने माहिती घ्यावी. तेवढा वेळ नसेल, तर त्या वर्षी माणसांचा सहभाग लागणार नाही असा दुसरा प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, प्रकाशाचा वाचनाच्या वेगावर होणारा परिणाम तपासता आला नाही, तरी वेगवेगळ्या दिव्यांखाली टेबलावर किती प्रकाश पडतो आणि अंतरानुसार तो कसा घटतो, हे मोजता येते.

प्रयोगाची रचना : एक उदाहरण जवळून

‘मिठाच्या पाण्याचा बियांच्या अंकुरणावर होणारा परिणाम’ हा प्रकल्प जवळजवळ प्रत्येक प्रदर्शनात असतो. तो सोपा वाटतो, आणि म्हणूनच त्यातल्या चुका शिकवण्याजोग्या आहेत.

पहिली चूक मोजमापाची असते. सोडियम क्लोराइडचे, म्हणजे मिठाचे, मोलर वस्तुमान (एका मोलचे वस्तुमान) ५८.४४ ग्रॅम असल्यामुळे १०० मिलिमोलर (लिटरमागे एक दशांश मोल) द्रावणासाठी लिटरमागे सुमारे ५.८४ ग्रॅम मीठ लागते. विद्यार्थी प्रत्येक बशीपुरते १०० मिलिलिटर द्रावण स्वतंत्रपणे करायला घेतो, म्हणजे त्याला ०.५८ ग्रॅम तोलायचे असते, आणि त्याच्याजवळचा काटा मात्र पूर्ण ग्रॅममध्येच वजन दाखवणारा असतो. अशा वेळी तक्त्यात लिहिलेल्या तीव्रतेला अर्थ उरत नाही. उपाय सोपा आहे. ११.७ ग्रॅम मीठ घेऊन त्याचे बरोबर १ लिटर द्रावण करावे; ते २०० मिलिमोलर होते. त्यात तेवढेच पाणी मिसळून १००, पुन्हा तसेच करून ५० आणि मग २५ मिलिमोलर मिळवावे. एकदाच तोलल्यामुळे चूक पुन्हा पुन्हा होत नाही, आणि मोठे वस्तुमान तोलल्यामुळे काट्याच्या मर्यादेचा परिणामही कमी होतो. शक्य असेल तर ०.१ ग्रॅमचाही फरक दाखवणारा काटा मिळवावा.

दुसरी चूक अधिक खोल आहे. विद्यार्थी एका बशीत ३० बिया ठेवतो आणि ‘मी ३० वेळा प्रयोग केला’ असे सांगतो. त्या बशीत पाणी थोडे कमी पडले किंवा बुरशी लागली, तर ३०च्या ३० बियांवर एकाच वेळी परिणाम होतो. म्हणून ती पुनरावृत्ती एकच धरावी लागते. प्रत्येक तीव्रतेसाठी १० बियांच्या निदान ३ बशा असाव्यात, साध्या पाण्याच्याही तेवढ्याच असाव्यात. बशा कोणत्या जागी ठेवायच्या हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि जागा रोज बदलावी. साध्या पाण्याच्या सगळ्या बशा खिडकीजवळ आणि मिठाच्या सगळ्या कपाटात ठेवल्या असतील, तर फरक मिठाने पडला की तापमानाने, हे कोणालाही सांगता येणार नाही.

तिसरी चूक म्हणजे ‘अंकुरण’ कशाला म्हणायचे हे आधी न ठरवणे. मूलांकुर (बीतून पहिल्यांदा फुटणारे कोवळे मूळ) २ मिलिमीटर बाहेर आला की बी अंकुरली असे मानावे, असे काहीतरी स्पष्ट लिहून ठेवले, म्हणजे मंगळवारी एका विद्यार्थ्याने आणि बुधवारी दुसऱ्याने घेतलेल्या नोंदी एकमेकींशी जुळतात. गटाच्या प्रकल्पात हे फारच आवश्यक आहे. गटात जास्तीत जास्त ३ विद्यार्थी असू शकतात, आणि तिघांनाही संपूर्ण प्रकल्प समजावून सांगता आला पाहिजे. ‘मी फक्त फलक केला’ हे उत्तर परीक्षकांसमोर गटाला महाग पडते.

नोंदी, आलेख आणि न जुळणारे आकडे

सुट्या कागदांवर नोंदी करून शेवटी सुंदर अक्षरात वही उतरवून काढण्याची सवय मोडायला हवी. बांधणीची वही, पेनाने लिहिलेल्या तारीखवार नोंदी आणि चुकलेल्या आकड्यावर वाचता येईल अशी एकच रेघ, इतके पुरे आहे. डाग पडलेली खरी वही परीक्षकांना नव्या कोऱ्या वहीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

अपेक्षेपेक्षा वेगळा आकडा आला की तो खोडण्याचा मोह होतो. त्या दिवशीची नोंद वाचावी, उपकरण तपासावे, शक्य असल्यास मापन पुन्हा घ्यावे, आणि तरीही कारण सापडले नाही, तर तो आकडा तसाच दाखवून त्याविषयी लिहावे. गृहीतक खोटे ठरले म्हणून प्रकल्प कमी प्रतीचा होत नाही. मात्र निकाल पाहून गृहीतक बदलणे ही अप्रामाणिकता आहे आणि शिक्षकाने तिथे ठाम राहावे.

आलेखांत दोन दोष वारंवार दिसतात. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू केलेला नसतो, त्यामुळे किरकोळ फरक प्रचंड भासतो. आणि केवळ सरासरी दाखवलेली असते, मूल्यांचा पसारा दाखवलेला नसतो. तीन बशांत ९, ५ आणि १ बी अंकुरली, तरी सरासरी ५ आणि तिन्ही बशांत ५ अंकुरल्या तरीही ५. या दोन निकालांचा अर्थ मात्र अगदी निराळा आहे.

शाळेच्या हातून होणाऱ्या चुका

शाळांतर्गत प्रदर्शन विभागीय नोंदणीच्या तोंडावर घेतले जाते, हा माझा मुख्य आक्षेप आहे. निवड झालेल्या विद्यार्थ्याला परीक्षकांच्या सूचनांनुसार प्रयोग पुन्हा करायला निदान ६ ते ८ आठवडे मिळायला हवेत, अन्यथा शाळेतले परीक्षण नुसते बक्षीस वाटण्यापुरते उरते. वेळापत्रक उलट दिशेने, म्हणजे विभागीय अर्जाच्या अंतिम तारखेपासून मागे मोजत आखावे. वार्षिक परीक्षेतील गुणांवरून स्पर्धक निवडू नयेत, आणि संपूर्ण वर्गाला सक्ती करून एकाच विज्ञान शिक्षकावर सगळ्या प्रकल्पांचा भारही टाकू नये. गणिताच्या शिक्षकांनी आलेख तपासले, भाषेच्या शिक्षकांनी गोषवारा तपासला, तर कामाची प्रत वाढते. गोषवारा २५० शब्दांत बसवायचा असतो, आणि उद्देश, पद्धत, निकाल व निष्कर्ष एवढेच त्यात यावे. पार्श्वभूमीतच निम्मे शब्द संपतात, ही नेहमीची अडचण आहे.

पालकांनी किंवा बाहेरच्या तज्ज्ञांनी मदत करण्यात गैर काही नाही. ती लपवणे गैर आहे. उपकरण कोणाचे वापरले, कोणता भाग कोणी केला, हे नोंदीत आणि फलकावर स्पष्ट असावे.

मांडणी आणि मुलाखत

आयसेफच्या गुणांकनात १०० पैकी फलकाला १० गुण आहेत आणि मुलाखतीला २५. तयारीचा वेळ मात्र बहुतेक ठिकाणी याच्या नेमका उलट वाटला जातो. विद्यार्थ्याकडून भाषण पाठ करून घेऊ नये. परीक्षकाने मध्येच प्रश्न विचारला की पाठांतराचा धागा तुटतो आणि मूल गोंधळते. त्याऐवजी दुसऱ्या विषयाच्या शिक्षकासमोर त्याला बसवावे आणि ‘हीच तीव्रता का निवडलीस?’, ‘हा आकडा चुकीचा नाही कशावरून?’, ‘पुन्हा केलास तर काय बदलशील?’ असे प्रश्न विचारून घ्यावेत. उत्तर येत नसेल, तर ‘हे मी तपासलेले नाही, पण अमुक पद्धतीने तपासता येईल’ असे शांतपणे सांगण्याचा सरावही करून घ्यावा.

फलकाची मर्यादा ७६ सेंटिमीटर खोल, १२२ सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून २७४ सेंटिमीटर उंच अशी आहे. सजीव, वनस्पती, माती, रसायने, पाणी, काच आणि धारदार वस्तू मांडता येत नाहीत. म्हणजे अंकुरलेल्या बियांच्या बशाही शाळेतच ठेवाव्या लागतात आणि छायाचित्रांवर भागवावे लागते, म्हणून प्रयोग चालू असतानाच रोज एकाच अंतरावरून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढावीत. प्रत्येक छायाचित्र कोणी काढले हे त्याखाली लिहावे, आणि त्यात इतर कोणाचा चेहरा असेल तर त्या व्यक्तीची लेखी संमती जवळ असावी.

प्रदर्शन संपल्यावर वही, मान्यतेचे अर्ज आणि परीक्षकांचे शेरे एका फाइलमध्ये शाळेत जपून ठेवावेत. तोच विषय पुढील वर्षी न्यायचा असेल, तर नवे संशोधन म्हणून मांडता येणारे काम जास्तीत जास्त सलग १२ महिन्यांचे असते, आणि आधीच्या वर्षीपेक्षा वेगळे काय केले हे स्वतंत्र अर्जात दाखवावे लागते. नुसत्या बशा वाढवून तोच प्रयोग पुन्हा केला, तर तो स्वीकारला जात नाही.